जावा २१ वर थ्रेड थांबवायचा कसा: ड्रम भरणीच्या वजनकाट्यांचा प्रश्न

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका रसायन कारखान्यात ड्रम भरणीच्या तीन वजनकाट्यांसाठी तुम्ही जावामध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रत्येक काट्याला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारी कामाची एक साखळी. तो सिरियल पोर्टवरून वजन वाचतो, डेटाबेसमध्ये नोंद टाकतो आणि लेबल छापतो. पडद्यावर पॉज आणि स्टॉप अशी दोन बटणं आहेत आणि त्यांच्यामागे थेट थ्रेडच्या सस्पेंड(), रिझ्यूम() आणि स्टॉप() या मेथड आहेत. जावा ८ वर हे चालायचं, फक्त अधूनमधून सगळा प्रोग्रॅम गोठायचा आणि मशीन पुन्हा सुरू करावं लागायचं. आता जावा २१ आलं आणि बटण दाबताच 'अनसपोर्टेड ऑपरेशन'चं एक्सेप्शन, म्हणजे चूक कळवणारा संदेश, येतं. साधा बूलियन फ्लॅग, म्हणजे थांबायचं की नाही हे सांगणारी हो-नाही खूण, लावून पाहिलात, तर थ्रेड कधी थांबतो, कधी थांबत नाही. एका मित्राने सुचवलं की जेएनए (जावातून विंडोजची फंक्शन बोलावणारी लायब्ररी) वापरून थ्रेड जबरदस्तीने मारणारं विंडोजचं टर्मिनेटथ्रेड बोलवावं. ते करावं का, असं तुम्ही विचारता.

करू नका. कारण पुढे सांगतेच. मी बडोद्यातच कारखान्यांतल्या मशीनकडून माहिती गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे ही अडचण चांगली ओळखीची आहे. कलाभवनातून (इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येणारी मुलंही हेच विचारतात: चालू थ्रेड बाहेरून बंद कसा करायचा? माझ्या मते सुरुवात दुसरीकडून करायला हवी. तुमचं काम म्हणजे ड्रम भरणं, वजन स्थिर होणं, नोंद पडणं आणि लेबल निघणं. हे काम कुठे सोडलं तर चालेल आणि कुठे सोडलं तर नुकसान होईल, हे आधी ठरवा. याचं उत्तर जावाला माहीत नाही, विंडोजला माहीत नाही. ते फक्त तुमच्या कोडला माहीत असू शकतं. म्हणून थांबण्याची विनंती बाहेरून यावी आणि थांबणं मात्र त्या थ्रेडने स्वतः, स्वतःच्या सोयीच्या जागी करावं. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

तुमचे काटे सतत वजन पाठवतात की बटण दाबल्यावरच, सिरियल पोर्टसाठी कुठली लायब्ररी आहे, डेटाबेस त्याच मशीनवर आहे की सर्व्हरवर, यानुसार तपशील बदलतील. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगते.

आधी स्टॉप(). ते बोलावलं की तो थ्रेड ज्या ओळीवर असेल तिथेच त्याच्यात 'थ्रेडडेथ' नावाची एरर फेकली जायची. ती वर चढत जाताना थ्रेडने धरलेली सगळी मॉनिटर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) सुटायची. ऐकायला हे बरं वाटतं. पण लॉक कशासाठी धरलं होतं? समजा बॅचचं एकूण वजन वाढवणं आणि ड्रमची संख्या वाढवणं या दोन ओळी तुम्ही एका सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (लॉक धरूनच चालणाऱ्या तुकड्यात) ठेवल्या आहेत. पहिली ओळ झाली, दुसरी व्हायच्या आत स्टॉप() आलं आणि लॉक सुटलं. आता दुसऱ्या काट्याचा थ्रेड आत शिरतो आणि त्याला वजन तेरा ड्रमचं, संख्या मात्र बारा दिसते. लॉगमध्ये काहीही येत नाही, कारण थ्रेडडेथ पकडली नाही तर ती गुपचूप संपते. चूक उघडी पडते ती शिफ्टच्या शेवटी, हिशेब जुळत नाही तेव्हा, आणि तोपर्यंत कारण शोधायला काही उरलेलं नसतं.

याच कारणाने ही मेथड १९९८ सालच्या जावा १.२ पासून 'वापरू नये' म्हणून खूण केलेली आहे. म्हणजे जावा ८ वरही तुमचा कंपायलर इशारा देत होता. २०२३ च्या जावा २० पासून स्टॉप(), सस्पेंड() आणि रिझ्यूम() या तिन्ही फक्त एक्सेप्शन फेकतात, आणि जावा २३ मध्ये सस्पेंड() व रिझ्यूम() काढूनच टाकल्या. तेव्हा एखादी सेटिंग बदलून जुनं वागणं परत आणण्याचा रस्ता नाही, आणि त्याच्या शोधात वेळ घालवू नका.

सस्पेंड()चा दोष नेमका उलटा. स्टॉप() लॉक सोडून द्यायचं, सस्पेंड() ती धरूनच ठेवायचं. थ्रेड लॉकच्या आत असताना गोठला की ते लॉक रिझ्यूम() येईपर्यंत कुणालाच मिळत नाही. आणि रिझ्यूम() बोलावणाऱ्या थ्रेडलाच आधी ते लॉक लागलं, तर झालं डेडलॉक: दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकले. लॉक फक्त तुमच्या कोडमध्ये असतात असं समजू नका. कन्सोलवर एक ओळ छापतानाही आत लॉक लागतं. लॉगर, डेटाबेस कनेक्शनचा पूल, सगळ्यांच्या पोटात लॉक आहेत. काट्याचा थ्रेड लॉगमध्ये ओळ लिहीत असताना कुणी पॉज दाबलं, की त्यानंतर लॉग लिहायला जाणारा प्रत्येक थ्रेड तिथेच अडकणार. पडद्याचा थ्रेडही लॉग लिहीत असेल तर रिझ्यूमचं बटणच दाबता येणार नाही. जावा ८ वर तुमचा प्रोग्रॅम अधूनमधून गोठायचा तो बहुधा याच कारणाने.

आता टर्मिनेटथ्रेड. हे तर स्टॉप()पेक्षाही वाईट. स्टॉप()मध्ये निदान फायनली ब्लॉक, म्हणजे शेवटची आवराआवर करणारे तुकडे, चालायचे. इथे तेही नाही. थ्रेडला काहीच कळत नाही, लॉक सुटत नाहीत, आणि तो मेमरी मागत असताना मेला तर विंडोजच्या हीपचं (सामाईक मेमरीच्या साठ्याचं) लॉक कायमचं अडकतं. मग त्या प्रोसेसमध्ये मेमरी मागणारा पुढचा कुठलाही थ्रेड लटकतो. त्यात जावाची एक भर आहे. गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी परत घेणाऱ्या भागाला) अधूनमधून सगळे जावा थ्रेड सुरक्षित बिंदूवर आणून थांबवावे लागतात. तुम्ही विंडोजकडून मारलेला थ्रेड जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यादीत जिवंतच असतो. त्याची वाट पाहत अख्खं जेव्हीएम उभं राहू शकतं. विंडोजच्या सस्पेंडथ्रेडचीही तीच गत. ते डिबगरसाठी आहे, थ्रेडचा ताळमेळ राखण्यासाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलं आहे.

मकरपुऱ्यात काम करता म्हणजे सीएनसी लेथ तुम्ही पाहिलीच असेल. आटे पाडण्याची सायकल चालू असताना ऑपरेटरने फीड होल्ड (काप थांबवायचं बटण) दाबलं तर मशीन त्याच क्षणी थांबत नाही. चालू पास पुरा करून किंवा टूल नीट बाहेर काढूनच थांबतं, कारण मध्येच थांबलं तर जॉबही जाईल आणि टूलही. थांबायची मागणी ऑपरेटरची, थांबायची जागा मशीनची. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण वेगळं असतं. ते जीव वाचवण्यासाठी आहे आणि त्यानंतर सगळं पुन्हा जागेवर आणावं लागतं. तुमच्या प्रोग्रॅममध्येही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

आता तुमच्या फ्लॅगकडे येऊ. फ्लॅग ही कल्पना बरोबर आहे. तो कधी चालतो, कधी नाही याला दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं कारण: फ्लॅग व्होलाटाइल नाही, म्हणजे 'दर वेळी ताजी किंमत वाच' अशी खूण त्याला लावलेली नाही. एका थ्रेडने बदललेली किंमत दुसऱ्याला केव्हा दिसेल, याची हमी व्होलाटाइल किंवा लॉक असल्याशिवाय जावा देत नाही. लूप बराच वेळ फिरला की जेआयटी कंपायलर (चालू प्रोग्रॅम वेगवान करणारा जावाचा भाग) तो तपासतो, आत कुणी फ्लॅग बदलत नाही असं त्याला दिसतं, आणि तो फ्लॅगची तपासणी लूपच्या बाहेर काढून टाकतो. मग तुम्ही हजारदा बटण दाबा. गंमत अशी की डिबगर लावला किंवा लूपमध्ये एक छपाईची ओळ टाकली की बहुतेक वेळा सगळं नीट चालतं, आणि त्यामुळे लोक दिवसच्या दिवस भलत्या ठिकाणी शोधत बसतात.

दुसरं कारण: फ्लॅग दिसतो, पण बघायला कुणी येतच नाही. थ्रेड सिरियल पोर्टच्या रीडमध्ये बसून आहे. काटा 'बटण दाबल्यावरच वजन पाठव' या पद्धतीवर असेल, किंवा केबल सैल झाली असेल, तर एकही बाइट येत नाही, रीड परत येत नाही, आणि फ्लॅगच्या ओळीपर्यंत थ्रेड पोहोचतच नाही.

यांतलं कुठलं, हे अंदाजाने ठरवू नका. प्रोग्रॅम अडकलेला असताना जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर आहे याची यादी) घ्या, किंवा कन्सोलमधून चालवत असाल तर कंट्रोल-ब्रेक दाबा. त्यात काट्याच्या थ्रेडची सगळ्यात वरची ओळ वाचा. इथे एक गोष्ट फसवते. नेटिव्ह रीडमध्ये अडकलेला थ्रेडही डंपमध्ये 'रनेबल' म्हणूनच दिसतो. तो शब्द पाहून 'हा तर चालू आहे' असं म्हणू नका. वरची ओळ सिरियल रीडची आहे की तुमच्या स्वतःच्या लूपची, ते बघा. 'ब्लॉक्ड' दिसलं तर तो लॉकसाठी थांबला आहे, आणि ते लॉक कुणाकडे आहे तेही त्याच डंपमध्ये सापडतं.

सिरियल रीडसाठी माझा नेहमीचा मार्ग म्हणजे टाइमआउट. बहुतेक सगळ्या सिरियल लायब्ररींमध्ये तो देता येतो. अर्धा सेकंद ठेवा. काही आलं नाही तर रीड रिकाम्या हाताने परत येतं, थ्रेड स्थिती तपासतो आणि पुन्हा वाचायला बसतो. स्टॉप दाबल्यावर अर्धा सेकंद लागला तर ऑपरेटरला ते जाणवतही नाही. पाच मिलिसेकंदांचा टाइमआउट ठेवून सीपीयू फुकट फिरवण्यात अर्थ नाही. वजन इथरनेटने येत असेल तर सॉकेटलाही असाच टाइमआउट देता येतो. किंवा दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट बंद केलं की अडकलेलं रीड एक्सेप्शन देऊन बाहेर येतं.

मग इंटरप्ट() कशासाठी? थ्रेड स्लीप, वेट, जॉइन यांत किंवा ब्लॉकिंग क्यूवर झोपलेला असेल तर त्याला उठवण्यासाठी. ही जावाची स्वतःची 'थांबशील का?' असं विचारण्याची पद्धत आहे आणि ती वापरावी. तिच्या काही खोडी मात्र माहीत हव्यात. जुन्या पद्धतीच्या सॉकेट रीडला ती उठवत नाही. झोपलेल्या थ्रेडला ती इंटरप्टेड एक्सेप्शन देते, आणि ते एक्सेप्शन फेकताना इंटरप्टची खूण पुसली जाते. आता तुम्ही ते कॅचमध्ये पकडून रिकामा ब्लॉक ठेवला, तर थांबायची विनंती तिथेच हरवली. लूप पुढे चालू. मी दुसऱ्यांचा कोड तपासते तेव्हा सगळ्यात आधी हे रिकामे कॅच शोधते, आणि ते सापडतातच. दोनच पर्याय बरोबर आहेत: एक्सेप्शन वर जाऊ द्या, किंवा पकडलंच तर करंट थ्रेडवर पुन्हा इंटरप्ट() बोलवून खूण परत लावा आणि बाहेर पडा.

डेटाबेस तुमच्याच प्रोग्रॅममध्ये एम्बेड केलेला असेल तर आणखी एक सावधगिरी. फाइलचॅनलवर लिहीत असलेल्या थ्रेडला इंटरप्ट() केलं की जावा तो चॅनलच बंद करतं. डेटाबेसची फाइल अशा चॅनलवर असेल तर एका थ्रेडला थांबवण्याच्या नादात तिन्ही काट्यांच्या नोंदी बंद पडतील. अशा रचनेत नोंद टाकणाऱ्या थ्रेडला इंटरप्ट() करू नका. फ्लॅग आणि टाइमआउट यांवरच भागवा. डेटाबेस सर्व्हरवर असेल तर हा धोका नाही, पण तिथे क्वेरीला टाइमआउट द्या, नाहीतर नेटवर्क गेल्यावर थ्रेड तिथे बसून राहील.

आता पॉज. तुमच्या प्रश्नात यावर दोनच वाक्यं आहेत, पण मला खरा धोका इथेच दिसतो.

समजा तुम्ही काट्याचा थ्रेड व्यवस्थित, लॉक वगैरे न धरता थांबवला. ऑपरेटर चहाला गेला. काटा मात्र थांबलेला नाही. तो सेकंदाला १० वेळा, प्रत्येकी १६ अक्षरांची ओळ पाठवत असेल तर सेकंदाला १६० बाइट येत आहेत. सिरियल पोर्टचा बफर समजा ४०९६ बाइटचा आहे, तर तो पंचवीसेक सेकंदांत भरला आणि त्यानंतर आलेलं सगळं वाया गेलं. पंधरा मिनिटांनी ऑपरेटर परत येतो, काट्यावर नवा ड्रम ठेवतो आणि रिझ्यूम दाबतो. तुमचा थ्रेड वाचायला लागतो, आणि त्याच्या हातात येतं ते पंधरा मिनिटांपूर्वीच्या ड्रमचं वजन. तेही 'स्थिर' अशा खुणेसह. नव्या ड्रमचं लेबल जुन्या वजनाने निघतं. रसायनाच्या ड्रमवर चुकीचं वजन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय जुन्या ओळीचा अर्धा भाग आणि नव्या ओळीचा अर्धा भाग चिकटून तिसरंच काही तयार होऊ शकतं. म्हणून ओळीची लांबी आणि चेकसम (मजकूर बिघडला का ते दाखवणारा आकडा) तपासल्याशिवाय वजन घेऊच नका.

म्हणून माझं ठाम मत: वाचणारा थ्रेड कधीच पॉज करू नका. त्याचं काम एकच, काट्याकडून येईल ते सतत वाचत राहणं आणि सगळ्यात ताजं वजन, त्याच्या वेळेसह, एका जागी ठेवणं. नोंद टाकणारा आणि लेबल छापणारा थ्रेड वेगळा करा, आणि पॉज फक्त त्याला लागू करा. रिझ्यूमनंतर त्याला नेहमी या क्षणाचं वजन मिळेल. वजनाची वेळ एक-दोन सेकंदांपेक्षा जुनी दिसली तर नोंद न टाकता 'काट्याकडून वजन येत नाही' असा इशारा द्या. केबल निघाल्याचंही त्यातूनच कळेल. तिन्ही काट्यांसाठी हे केलंत तर थ्रेड सहा होतील. त्याची काळजी करू नका, सहा थ्रेड म्हणजे काहीच नाही.

नोंद टाकणाऱ्या थ्रेडचा पॉज कसा लिहायचा तेही सांगते. पॉज आणि स्टॉप असे दोन बूलियन ठेवू नका. 'चालू', 'पॉज', 'संपव' अशा तीन किमतींची एकच स्थिती ठेवा आणि ती एकाच लॉकखाली बदला व वाचा. एक छोटा क्लास करा. त्यात स्थिती बदलणाऱ्या मेथड आणि एक तपासणीची मेथड. तपासणीची मेथड लॉक घेते, स्थिती 'पॉज' असेपर्यंत वेट() करते (झोपून वाट पाहते), आणि बाहेर येताना 'पुढे जा' किंवा 'संपव' असं उत्तर देते. वेट() इफमध्ये नको, व्हाइल लूपमध्येच हवं, कारण कुणी न उठवताही वेट() परत येऊ शकतं. जावाच्या नियमांत ते मान्य आहे. स्थिती बदलणाऱ्या प्रत्येक मेथडने शेवटी नोटिफायऑल() करायचं (झोपलेल्यांना उठवायचं), 'संपव' करणाऱ्या मेथडनेही. हे विसरलं की पॉजमध्ये असताना स्टॉप दाबलं तर थ्रेड झोपलेलाच राहतो आणि प्रोग्रॅम बंद होत नाही. दोन वेगळे बूलियन ठेवणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं.

ही तपासणी कुठे बोलवायची, हाच सगळ्यात विचार करण्याचा भाग. ती एका ड्रमचं काम पूर्ण संपल्यावर आणि दुसऱ्याचं सुरू व्हायच्या आधी बोलवा. ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला अजून पक्का न झालेला बदल) उघडं असताना कधीही नाही. कुणी चहाला गेलं आणि तुमचं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं, तर त्या ओळींची लॉक डेटाबेसमध्ये तशीच राहतात आणि ऑफिसमध्ये बसून अहवाल काढणाऱ्याचा पडदा गोठतो. त्याला बिचाऱ्याला कळणारही नाही की कारण भरणीच्या शेडमध्ये आहे. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आतूनही ही तपासणी नको. वेट() फक्त स्वतःचं लॉक सोडतं, बाहेरून धरलेली बाकीची तशीच राहतात. एखादा ड्रम भरायला बराच वेळ लागत असेल तर वजन स्थिर होण्याची वाट पाहणाऱ्या लूपमध्ये आणखी एक तपासणी ठेवायला हरकत नाही, कारण तिथवर काही नोंदवलेलं नसतं. नोंद सुरू झाली की मात्र लेबल निघेपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही.

पडद्याबद्दल थोडंसं. तुम्ही स्विंग (जावाची पडदे बनवायची लायब्ररी) वापरत असाल असं धरते. स्टॉपच्या बटणात जॉइन() (थ्रेड संपेपर्यंत वाट पाहणारी मेथड) लिहू नका. पडद्याचा थ्रेड तिथे थांबून राहील. आणि काट्याचा थ्रेड त्याच वेळी इन्व्होकअँडवेट (दाखवून होईपर्यंत थांबणारी मेथड) वापरून पडद्यावर वजन दाखवायला गेला, तर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतील. पडद्यावर काही दाखवायचं ते न थांबता सांगणाऱ्या इन्व्होकलेटरने, आणि बटण दाबल्यावर फक्त विनंती नोंदवून 'थांबत आहे' असं दाखवा. थ्रेड खरोखर थांबल्यावर त्यानेच कळवावं, मग 'थांबलं' असं दाखवा. या दोन अवस्थांमध्ये फरक दाखवला नाही तर ऑपरेटर बटण पुन्हापुन्हा दाबत राहतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सगळं करूनही एखादा थ्रेड थांबला नाही तर? त्यासाठी मुदत ठेवा. पडद्याच्या थ्रेडबाहेरून दहा सेकंदांच्या मुदतीचं जॉइन(), किंवा एक्झिक्युटर (थ्रेड सांभाळणारी जावाची सोय) वापरत असाल तर शटडाउन(), अवेटटर्मिनेशन(), आणि तेवढ्यात संपलं नाही तर शटडाउननाउ(). या शेवटच्या नावाने फसू नका: तेही थ्रेडला फक्त इंटरप्ट() करतं, मारत नाही. त्यानंतरही हालचाल नसेल तर थ्रेड डंप फाइलमध्ये लिहा, ऑपरेटरला स्पष्ट सांगा आणि अख्खी प्रोसेस बंद करा.

प्रोसेस मारणं चालतं आणि थ्रेड मारणं चालत नाही, याचं कारण असं: प्रोसेस गेली की तिची मेमरी, तिची लॉक, तिची उघडी पोर्ट हे सगळं विंडोज परत घेतं, आणि सर्व्हरवरचा डेटाबेस कनेक्शन तुटलेलं पाहून अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवतो. थ्रेडची मेमरी आणि लॉक बाकीच्या थ्रेडशी सामाईक असतात, त्यामुळे त्याच्यापुरती साफसफाई करणारं कुणीच नसतं. म्हणूनच एखाद्या काट्याच्या कंपनीने दिलेली बंद लायब्ररी आत कुठेतरी अडकते आणि तिला टाइमआउट देता येत नाही, अशा वेळी मी तिच्यासाठी वेगळी छोटी प्रोसेस करते. मुख्य प्रोग्रॅम ती प्रोसेसबिल्डरने सुरू करतो, वजन तिच्याकडून घेतो, आणि ती गप्प झाली तर डिस्ट्रॉयफोर्सिब्ली() करून नवी सुरू करतो. मित्राने सांगितलेल्या टर्मिनेटथ्रेडमागची जी गरज आहे, तिचं हे खरं उत्तर.

आणि लाइट जाणं. यूपीएसची बॅटरी कधी ना कधी दगा देते, कुणीतरी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करतं. तेव्हा फायनली ब्लॉक चालत नाहीत, शटडाउन हुक चालत नाहीत. म्हणून व्यवस्थित थांबण्याचा कोड कितीही चांगला असला तरी हिशेबाची अचूकता त्यावर टांगू नका. ड्रमचा क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक ठेवा. नोंद 'लेबल बाकी' अशा स्थितीत आधी कमिट (पक्की) करा, मग लेबल छापा, मग 'लेबल दिलं' असं नोंदवा. प्रोग्रॅम सुरू होताना 'लेबल बाकी' असलेले ड्रम शोधून ऑपरेटरपुढे ठेवा आणि लेबल पुन्हा छापायचं का ते त्याला ठरवू द्या. छापलं गेलं होतं की नाही हे प्रोग्रॅमला कळू शकत नाही, ड्रमकडे पाहणाऱ्या माणसाला कळतं.

तुम्ही पुढे डॉटनेटवर जायचा विचार करत आहात असं लिहिलं आहे. तिथेही हाच धडा घेतला गेला आहे. जुन्या फ्रेमवर्कमधलं थ्रेड अबॉर्ट नव्या डॉटनेटमध्ये एक्सेप्शनच देतं, आणि २०१० मधल्या डॉटनेट ४ पासून आलेलं कॅन्सलेशनटोकन हा तिथला रस्ता आहे. सी++ मध्ये २०२० च्या मानकात जेथ्रेड आणि स्टॉपटोकन आले, तेही विनंतीच करतात. पायथनमध्ये थ्रेड मारायची मेथड मुळात नाहीच, इव्हेंट वापरतात. पीथ्रेड्समध्ये (सी भाषेतल्या थ्रेड लायब्ररीत) कॅन्सल आहे, पण तेही सहसा ठरावीक ठिकाणीच लागू होतं. भाषा बदलून ड्रम कुठे सोडायचा हा निर्णय टळणार नाही.

कामाला लागताना मी या क्रमाने जाईन. आधी वाचणारे आणि नोंदवणारे थ्रेड वेगळे करा, कारण चुकीच्या वजनाचा धोका त्यानेच जातो. मग टाइमआउट. मग तीन किमतींची स्थिती आणि तपासणीच्या जागा. पडद्याचे बदल शेवटी. झाल्यावर काट्यासमोर उभं राहून मुद्दाम वाकडं वागून पाहा: पॉजमध्ये असताना स्टॉप दाबा, वजन स्थिर होत असताना पॉज दाबा, भरणी चालू असताना सिरियल केबल उपसा, पॉजमध्ये ड्रम बदला आणि मग रिझ्यूम करा, शेवटी नोंद आणि लेबल यांच्या मध्ये प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करा. प्रत्येक वेळी डेटाबेसमधली संख्या आणि समोरचे ड्रम मोजून ताडून पाहा. यात कुठे अडकलात तर त्या क्षणाचा थ्रेड डंप आणि तुमच्या मुख्य लूपचा कोड इथे टाका, कारखान्याची नावं आणि पासवर्ड तेवढे काढून. मी पाहून सांगते.